आधाराचा दांडा

— एक होस्टेलवासी, टी. ई. मेकॅनिकल

आपल्या अंकाच्या मराठी विभागात पाऊस, मैत्री, पहिलं प्रेम आणि मेसची आमटी हे विषय ठरलेले असतात. मी मात्र बाथरूमवर लिहिणार आहे. संपादक मंडळातल्या मित्राने दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. कारण तीन वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मशीन डिझाइन वगैरे शिकूनही मी एक साधा दांडा भिंतीला नीट लावू शकलो नाही, आणि त्याची किंमत माझ्या आजीने मोजली.

तर झालं असं. आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. जुनं चिऱ्याचं घर, मागच्या पडवीला लागून न्हाणी. कोकणातल्या मुलांना न्हाणी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: एका कोपऱ्यात पाणी तापवायची चूल, त्यावर हंडा, खाली उतार दिलेली लादी, बसायला पाट, शेजारी बादली आणि तांब्या. आत जायला उंबरठा, आणि आतली जमीन पडवीपेक्षा एक पायरी खाली. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंची चार फूट आठ इंच, वजन बावन्न किलो. आंघोळीला दार लावून एकटी जाणार, त्यात कुणाची लुडबूड चालायची नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वाडीतल्या एक आजी न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तोवर विहिरीवर जाणारी बाई, त्यानंतर खाटेवरून उठली नाही. घरात सगळे धास्तावले. आईने आजीला सांगितलं, "आजपासून मी आत येणार." आजीने त्या दिवशी आंघोळच केली नाही. मग मे महिन्याच्या सुट्टीत मी पुढे झालो. इंजिनिअर ना घरातला!

रत्नागिरीतल्या एका दुकानातून दोन फुटी चकचकीत स्टीलचा दांडा घेतला. दुकानदार म्हणाला, "फुल एस.एस. आहे, बघायला नको." पाटावर बसल्यावर समोर जी भिंत येते तिच्यावर, माझ्या अंदाजाने 'बरोबर वाटेल' अशा उंचीवर, ड्रिलने सहा भोकं पाडली, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले. हाताने हलवून बघितलं. घट्ट! आजीला दाखवलं. ती म्हणाली, "हुशार हो बाबू." मी खुशीत होस्टेलला परत आलो.

गणपतीला घरी गेलो तर न्हाणीच्या भिंतीला सहा भोकं दिसत होती आणि दांडा नव्हता. आईला विचारलं, तर तिलाही नीट माहीत नव्हतं. शेवटी तो सापडला लाकडांच्या राशीमागे, गोणपाटात गुंडाळलेला. श्रावणात एक दिवस पाटावरून उठताना आजीचा पाय सरकला, तिने दांडा पकडला आणि दांडा गिट्ट्यांसकट हातात आला. ती मागे बसली. नशिबाने हाड शाबूत राहिलं, पण कमरेवर काळानिळा डाग महिनाभर होता. कुणाला सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुला बोलले असते सगळे." आणि मधले सगळे दिवस ती पूर्वीसारखीच नळाच्या कॉकला धरून उठत होती.

मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन त्या सहा भोकांसमोर बसलो. या लेखात जे काही सांगतोय ते बहुतेक तिथे बसून समजलं. उरलेलं वाडीतल्या गवंडी काकांनी सांगितलं, जे शाळेत सातवीच्या पुढे गेलेले नाहीत.

पहिली गोष्ट गिट्टीची. माझी गिट्टी होती ३५ मि.मी. लांब. भिंतीचा गिलावा निघाला जवळपास २५ मि.मी. जाड, कारण चिऱ्याची भिंत ओबडधोबड असते आणि ती सपाट करायला गवंडी जाड थर मारतो. म्हणजे खऱ्या दगडात गेली होती जेमतेम १० मि.मी. बाकी सगळा भार गिलाव्यावर. गिलावा म्हणजे भिंतीचा अंगरखा. त्याला धरून कोण उभं राहणार?

दुसरी गोष्ट चिऱ्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली निम्मी घरं ज्या जांभ्या दगडाची आहेत, तो दगड मजेदार आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, पहारीने नि तासणीने कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुखानन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टरने १८०७ साली मलबारातला असाच दगड बघून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं, 'लॅटर' म्हणजे लॅटिनमध्ये वीट. नाव अगदी बरोबर आहे, कारण आपण त्याची वीटच करतो. पण कडक झाला तरी तो काळा पाषाण नव्हे. चिऱ्यांसाठीचं जे भारतीय मानक आहे, आय.एस. ३६२०, त्यात दगडाची दाब सहन करायची किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरली आहे. आपण सिव्हिलवाल्यांकडून ज्या साध्या एम-२० काँक्रीटचं नाव ऐकतो, त्याची ताकद २०. आता भिंत म्हणून उभी राहायला साडेतीन पुष्कळ झाले, पिढ्यान् पिढ्या घरं उभी आहेत. पण गिट्टी किंवा फास्टनर काम कसं करतो? स्क्रू आत गेला की तो फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबतो. त्या दाबामुळे घर्षण, घर्षणामुळे पकड. कडाच जर भुसभुशीत असतील तर दाब वाढवला की दगड चुरतो आणि पकड कमी होते. चिऱ्याला आतून पोकळ्या असतात, त्यात मऊ माती भरलेली असते. माझ्या सहा भोकांपैकी एक तर चक्क दोन चिऱ्यांच्या सांध्यात पडलं होतं. शिवाय मी ड्रिल हॅमरवर ठेवून चालवलं, त्यामुळे भोक गोल न राहता अंडाकृती झालं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असं भोक पाडलं असतं तर सरांनी जॉब तोंडावर मारला असता.

तिसरी गोष्ट मात्र निव्वळ आपल्या अभ्यासक्रमातली, आणि तीच मी विसरलो. दांडा समोरच्या भिंतीवर होता. पाटावर बसलेला माणूस समोरचा दांडा धरून उठतो तेव्हा तो दांड्याला खाली दाबत नाही, स्वतःकडे ओढतो. म्हणजे स्क्रूवर सरळ ताण, भिंतीतून बाहेर काढायच्याच दिशेने. हाच दांडा बाजूच्या भिंतीवर असता, तर हात त्याच्यावर टेकून माणूस खाली जोर देतो आणि उठतो. तेव्हा स्क्रूवर येतो मुख्यतः शिअर. स्क्रूला शिअरमध्ये तोडणं फार कठीण, गिट्टीतून उपटणं फार सोपं. (परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पाचपैकी पाच घेतले असते.)

आता जरा आकडेमोड करू. उठताना वजनाचा तिसरा हिस्सा ओढला असं धरलं, तर आजीचे सतरा-अठरा किलो होतात. त्याने काही लगेच सुटणार नाही. पण रोज तोच जोर, दोन-तीनदा, हलका हिसका देत, ओल्या भिंतीत. गिट्टी हळूहळू सैल होते आणि बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस पाय सरकतो. समजा शरीर १५ सें.मी. मोकळं खाली गेलं आणि हाताने ते पुढच्या ५ सें.मी.मध्ये थांबवलं. ऊर्जेचं साधं समीकरण मांडा: थांबवणारं सरासरी बल येतं वजनाच्या चौपट. बावन्न किलोच्या आजीसाठी दोनशे आठ किलो. प्रत्यक्षात थोडा भार पायावर असतो, आणि एवढ्या जोराला साबणाचा हात आधी सुटेल, म्हणून आकडा शब्दशः घेऊ नका. पण 'आमची आजी हलकी आहे, तिला काय लागतंय' असं म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. यातून आणखी एक निघतं: दांडा पडणाऱ्याला झेलायला नसतो, पडूच नये म्हणून असतो. म्हणून तो हात सहज जातो तिथेच हवा.

अमेरिकेतले ए.डी.ए.चे नियम या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. दांड्याला कुठल्याही जागी २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो, उभा किंवा आडवा जोर लावला तरी चालला पाहिजे असं ते म्हणतात. आणि हे फक्त दांड्यासाठी नाही, तर तो, त्याचे स्क्रू, बसवण्याचे भाग आणि मागचा आधार या सगळ्यांसाठी. मी दुकानात फक्त दांडा वाकवून बघितला होता. भिंतीबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दुसरा डाव. या वेळी गवंडी काका बरोबर होते. त्यांनी आधी भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. भरीव जागेचा आवाज आणि सुटलेल्या गिलाव्याचा आवाज यात फरक असतो, एकदा ऐकला की विसरत नाही. मग मला विचारलं, "भिंतीच्या पलीकडे काय?" पलीकडे परसू. "मग आरपार घाल की!"

इतकं सोपं होतं. भिंतीच्या आरपार भोक, त्यातून आटे पाडलेली स्टीलची सळई, आत दांड्याची चकती, बाहेर मोठी पट्टी आणि नट. आता दांडा ओढला तर ती पट्टी बाहेरून भिंतीवर दाबली जाते. चिऱ्याला ओढीत भरवसा नसला तरी दाबात तो पक्का, आणि दाब जेवढ्या मोठ्या जागेवर पसरेल तेवढं बरं. म्हणून पट्टी चार इंच बाय चार इंच. सळई १० मि.मी.ची, भोक १२ मि.मी.चं. बाजारातल्या दांड्याच्या चकतीला बारीक स्क्रूचीच भोकं असतात, म्हणून चकत्या वेल्डिंगवाल्याकडून जाड करून घेतल्या. भोक पाडताना काकांनी ड्रिल किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं धरायला लावलं, नाहीतर आपल्याकडचा वाऱ्याबरोबरचा पाऊस त्याच भोकातून आत आला असता. दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद केली. वर्षाला तीन हजार मि.मी.च्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे विसरून चालत नाही.

पलीकडे मोकळी जागा नसेल, शेजाऱ्याची खोली असेल, तर काकांचा दुसरा उपाय: छिन्नीने चिऱ्यात वीतभर रुंद, वीतभर खोल खळगा काढायचा, आतली बाजू तोंडापेक्षा रुंद ठेवायची, त्यात बोल्ट उभे करून काँक्रीट भरायचं आणि आठवडाभर पाणी मारायचं. ठोकळा आत अडकून बसतो. तिसरा उपाय हल्ली मिळणारा केमिकल अँकर. भोकात राळेसारखं रसायन भरतात आणि त्यात सळई रोवतात. ते फुगून दाब देत नाही, चिकटून धरतं, म्हणून मऊ दगडाला चालतं. पोकळ्या असतील तर जाळीची नळी आधी घालावी लागते आणि भोकातली धूळ ब्रशने नि फुंकून पूर्ण काढावी लागते. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, दगडाला नाही. सक्शनने टाइलला चिकटणारे दांडे दुकानात बघून हरखून जाऊ नका. गुळगुळीत टाइलवर तोल सावरायला ते ठीक, पण हवा कधी शिरेल सांगता येत नाही, आणि आमच्यासारख्या रंगवलेल्या भिंतीवर तर ते चिकटतच नाहीत.

आता उंची. पुस्तकी नियम जमिनीपासून ३३ ते ३६ इंच सांगतो. तो कमोड नि शॉवरच्या बाथरूमसाठी, बहुतेक धडधाकट उंचीच्या माणसांसाठी. आपल्याकडे माणूस बादलीशेजारी खाली बसून आंघोळ करतो. चार इंच उंचीच्या पाटावरून उठणं हाच मुळात सगळ्यात अवघड क्षण आहे, आणि त्याला कितीही चांगला दांडा अर्धाच उपाय. म्हणून आधी पाट गेला. त्याच्या जागी सतरा इंच उंचीची, पायांना रबरी बुंधे असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आली, आणि बादली ठेवायला एक छोटा कट्टा, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागू नये. आजी आठवडाभर कुरकुरली, "खुर्चीत बसून कसली आंघोळ? सलूनात बसल्यासारखं वाटतं." मग सवय झाली. तिला कोरड्या न्हाणीत खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हटलं, आता ऊठ. तिचा उजवा हात आपोआप बाजूच्या भिंतीवर जिथे टेकला तिथे मी खडूने खूण केली. पाच वेळा केलं. खुणा सत्तावीस इंचांच्या आसपास आल्या. दांडा तिथेच लागला, आडवा, दोन फुटी.

दुसरा एक फूटभर उभा दांडा उंबरठ्याशी, दाराच्या आतल्या बाजूला. आडव्यावर टेकून उठायचं, उभ्याला धरून पायरी चढायची. उभ्यावर ओला हात घसरून खाली येतो म्हणून काही जण तिरका लावतात. मला तिरका फारसा पटत नाही, कारण तो नक्की कुणाच्या हातासाठी आहे हे ठरत नाही. पण ज्यांच्याकडे एकच दांडा लावायला जागा आहे त्यांनी तिरका लावायला हरकत नाही.

जाडीचंही असंच. नियमात सव्वा ते दोन इंच व्यास आहे. आजीच्या हातात दीड इंचाच्या दांड्याभोवती अंगठा आणि बोट भेटत नव्हती, सव्वा इंचाच्या भोवती भेटली. भिंत आणि दांडा यातली फट दीड इंच, ना कमी ना जास्त. कमी असेल तर काचेच्या बांगड्यांसकट हात आत जात नाही. जास्त असेल तर घसरताना कोपरापर्यंतचा हात फटीत जाऊन अडकतो आणि शरीराचं वजन त्याच्यावर येतं. असं अडकलेलं हाड मोडायला मग लादीची गरज पडत नाही. जुगाडू मित्रांसाठी एक सूचना: एक इंची जी.आय. पाईपमधला 'एक इंच' हा आतल्या भोकाचा असतो, बाहेरचा व्यास भरतो ३३.७ मि.मी., म्हणजे जवळजवळ हवा तेवढाच. पैसे कमी असतील तर हा पाईप उत्तम. फक्त वेल्डिंग केल्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे रंग हवा. टॉवेल लावायचा रॉड मात्र आधाराचा दांडा नव्हे. तो एका ओल्या टॉवेलसाठी बनवलेला असतो.

राहिलं ते 'फुल एस.एस.'चं प्रकरण. गोणपाटातून काढलेल्या माझ्या पहिल्या दांड्यावर चार महिन्यांत चहाच्या रंगाचे ठिपके आले होते. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं हा गैरसमज आपण मेकॅनिकलवाल्यांनी तरी करू नये. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाचं रक्षण करतो. समुद्राच्या हवेतलं मीठ, म्हणजे क्लोराइड, त्या पापुद्र्याला टाचणीएवढी भोकं पाडतं. ३०४ जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, ते मिठाविरुद्ध टिकतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही." अहो, २०२ लाही चिकटत नाही! तेव्हा चुंबकाने काही सिद्ध होत नाही, बिलावर जात लिहून मागा. मिऱ्या, भाट्ये, जयगड अशा अगदी किनाऱ्यावर ३१६ परवडलं तर घ्यावं. आतल्या, रोज गोड्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या न्हाणीत ३०४ पुरतं, अधूनमधून पुसलं पाहिजे इतकंच. आणि बाथरूम धुवायचं ॲसिड त्याच्यावर उडू देऊ नका. तेही क्लोराइडच, तेही थेट.

लावून झाल्यावर परीक्षा. काकांनी दांड्याला दोर बांधला आणि मी नि माझा चुलतभाऊ, दोघांनी मिळून आधी बाहेर ओढला, मग खाली. मग मी, अडुसष्ट किलो, त्याच्यावर लोंबकळलो. आजी दारातून बघत होती. म्हणाली, "भिंत पाडू नको म्हणजे झालं." पावसाळा संपला की नट पुन्हा पिळायचे, हे आता घरच्या यादीत आलंय, चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडण्याच्या जोडीला. कारण शेवाळलेल्या लादीवर दांडा काय करणार? ब्लीचिंग पावडर आणि खराटा यांना पर्याय नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आजी-आजोबांचं, आम्हा विशीतल्यांना काय त्याचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची जास्त असतात हे खरं. पण आपल्याच मजल्यावरचा सिव्हिलचा मित्र आठवा. जुलैत चिखलातल्या फुटबॉलमध्ये त्याचा घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर होतं. भारतीय पद्धतीच्या संडासात एका पायावर बसणं काय असतं ते त्याला विचारा. आम्ही दोघे दाराबाहेर उभे राहायचो आणि तो आतून ओरडायचा, "आता ओढा!" तेव्हा हसलो. आज तेवढं हसू येत नाही.

आणि सकाळी बाथरूम धुणाऱ्या मावशी. गणपतीनंतर मला एक सवय लागली, कुठल्याही बाथरूममध्ये गेलो की लोक कशाला धरतात ते बघायची. आमच्या न्हाणीत नळाचा कॉक एका बाजूला झुकला होता आणि दाराची चौकट एकाच उंचीवर तेलकट काळी झाली होती. ते माझ्या आधीच बघितलं असतं, तर दांडा कुठे हवा हे आजीला विचारायचीही गरज नव्हती. आपल्या मजल्यावर शेवटच्या संडासाचा नळ असाच हलतो. एक दिवस मी बघितलं, मावशी उकिडव्या बसून फरशी घासतात आणि उठताना त्याच नळाला धरतात. गुडघ्यांचं दुखणं त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नळ निघाला तर माझ्या पगारातनं कापतील काय रे?"

म्हणून रेक्टर सरांना अर्ज दिला. अर्जात थोडा कायदाही घातला: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं आहे. सरांनी अर्ज वाचून फक्त एवढंच विचारलं, "कुठे लावायचे ते ठरलंय का?" म्हणजे कायद्याची गरज पडली नाही. प्रत्येक मजल्यावर एक संडास आणि एक न्हाणी एवढी परवानगी मिळाली आहे.

होस्टेलची तऱ्हा घरापेक्षा वेगळी. बाथरूममधल्या आडभिंती अर्ध्या विटेच्या, काही ठिकाणी तर नुसती कडप्प्याची लादी उभी केलेली. कडप्प्याला दांडा अजिबात नाही, तो तडकेल आणि माणसाच्या अंगावर येईल. विटेच्या आडभिंतीला आरपार बोल्ट आणि दोन्हीकडे पट्टी. टाइल असेल तिथे टकटक करून पोकळ टाइल टाळायची, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पूर्ण भेदेपर्यंत हॅमर बंद. नळाच्या आणि बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून पाईप किंवा वायर गेलेली असते. इलेक्ट्रिकलच्या मित्राने आणखी एक सुचवलं आणि ते मला पटलं: गीझर असलेल्या ठिकाणी ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. चालू आहे ना हे आधी तपासायचं. ओल्या हाताने धातूचा दांडा धरायला आपण लोकांना सांगणार आहोत, तर तो करंट देणारा नको.

उंचीच्या खुणा करून झाल्या आहेत. प्लास्टर निघालेल्या मित्राने एका पायावर बसून दाखवलं, मावशींनी आधी "माझी कसली मापं घेता" म्हणून हसून टाळलं, मग पदर खोचून बसल्या. त्यांची खूण आमच्या खुणेपेक्षा चांगली चार इंच खाली आली. शेवटच्या संडासात त्यांच्या खुणेवरच लावतोय.

काम येत्या शनिवारी. ड्रिल वर्कशॉपमधून मिळालं आहे, सळई आणि पट्ट्या आल्या आहेत. होस्टेलची बाहेरची भिंत चिऱ्याची आहे, सव्वा फूट जाड. १२ मि.मी.चा, किमान अठरा इंची लांब बिट कुणाकडे असेल, किंवा घरी कुणा गवंड्याकडून आणता येत असेल, तर शुक्रवारपर्यंत दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत आणून द्या. ओढून बघायला वजनदार मंडळीही लागतील.